मधले वीस फूट

वरून दुर्बीण घातली, अन्ननलिका आणि जठर स्वच्छ. खालून घातली, मोठं आतडं स्वच्छ. सोनोग्राफीत काही नाही. तरी घरातल्या माणसाचं हिमोग्लोबिन आठाच्या वर चढत नाही. लोहाच्या गोळ्या खाऊन तोंडाची चव गेली, दोनदा रक्त चढवून झालं, आणि तीन महिन्यांत चेहऱ्यावर पुन्हा तोच फिकटपणा. मग कुणीतरी म्हणतं, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग मनाचंच असेल." तुमच्या घरात हे वाक्य ऐकू आलं असेल, तर तिथेच थांबा. वरचा रिपोर्ट नॉर्मल आहे आणि खालचा नॉर्मल आहे. मधलं कुणी अजून पाहिलेलंच नाही.

हे मधलं म्हणजे लहान आतडं. नाव लहान, पण ते रुंदीवरून पडलेलं. लांबी म्हणाल तर मोठ्या माणसात साधारण सहा मीटर, म्हणजे वीस फूट. त्यामानाने 'मोठं' आतडं जेमतेम दीड मीटर. आपण खाल्लेल्या भाकरीतलं, वरणातलं, तुपातलं जवळजवळ सगळं सत्त्व या वीस फुटांतच रक्तात उतरतं. म्हणून इथे बिघाड झाला की माणूस जेवतो पण अंगाला लागत नाही.

नेहमीची तोंडावाटे घालायची दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणापर्यंत जाते आणि थांबते. कोलोनोस्कोपीची दुर्बीण मोठं आतडं संपवून, डॉक्टरांनी मनावर घेतलं तर, लहान आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागात डोकावते. मधले चार-पाच मीटर दोघींच्याही हाताबाहेर. तुम्ही विचाराल, नळी आणखी लांब केली तर? करून पाहिलं लोकांनी. पण लहान आतडं एका जागी बांधलेलं नसतं. पातळ पडद्याला लटकलेली ती वेटोळी पोटात इकडून तिकडे सरकत असतात. नळी पुढे ढकलली की नळीचं टोक पुढे जात नाही, वेटोळंच ताणलं जातं. ओल्या दोरीला मागून ढकलून पाहा, तसंच.

शंका कधी घ्यायची

प्रत्येक पोटदुखीला लहान आतड्याचा आजार समजू नका. अॅसिडिटी, बद्धकोष्ठता, बाहेरचं खाणं, परीक्षेचं टेन्शन, यांचीच गर्दी जास्त असते. पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर घरगुती काढे बाजूला ठेवावेत. जेवणानंतर अर्ध्या-एक तासाने बेंबीभोवती पिळवटून कळ येते, पोटात गोळा सरकल्यासारखा वाटतो, जोरात गुरगुर होते आणि मग एकदम मोकळं वाटतं: हे आतडं कुठेतरी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. महिनोन्‌महिने जुलाब, वजन उतरणं, संध्याकाळी बारीक ताप. डांबरासारखी काळी, चिकट शौच. पाळी बंद झालेल्या बाईचं किंवा कोणत्याही पुरुषाचं विनाकारण कमी होत जाणारं रक्त. आणि घरात वयात येणारं मूल असेल तर आणखी एक: दोन वर्षांत शाळेचा गणवेश आखूड झाला नाही, याचं कौतुक करू नका. उंची न वाढणं ही कधी कधी आतड्याच्या आजाराची पहिली आणि एकमेव खूण असते.

ओठांवरही एकदा नजर टाका. काही मुलांच्या ओठांवर आणि गालांच्या आतल्या बाजूला काळपट ठिपके असतात. बहुतेकदा त्यांचा काही अर्थ नसतो. पण अशा मुलाचं पोट वारंवार दुखत असेल, किंवा आतडं आतड्यात शिरल्यामुळे त्याचं एकदा ऑपरेशन झालेलं असेल, तर प्यूट्झ-जेगर्स नावाचा आनुवंशिक आजार डॉक्टरांच्या मनात येतो. त्यात लहान आतड्यात मशरूमसारखे कोंब, म्हणजे पॉलिप, वाढतात. ते वेळीच दुर्बिणीने काढले तर पुढची ऑपरेशनं टळू शकतात.

गोळीतला कॅमेरा

वाकवता येणारी दुर्बीण जगाला मिळाली त्यात आपल्या माणसाचा वाटा आहे, हे फारसं सांगितलं जात नाही. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला शिकत असताना काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेण्याच्या कामात गुंतले होते. हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. तीन वर्षांत, १९५७ मध्ये, अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी याच तत्त्वावरची लवचीक दुर्बीण जठरात घातली. कपानींना भारत सरकारने पद्मविभूषण दिलं, ते २०२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

जठर दिसलं, मोठं आतडं दिसलं, पण लहान आतडं पुढची चाळीस वर्षं अंधारातच राहिलं. बेरियमचं पांढरं पाणी पाजून एक्स-रे काढायचे, त्यात सावल्या दिसायच्या. रक्तस्राव थांबतच नसेल तर सर्जन पोट उघडून आतडं हातभर हातभर बोटांतून सरकवत जागा शोधायचे. मग २००० आणि २००१ या दोन वर्षांत दोन वेगळ्या देशांतून दोन वेगळी उत्तरं आली.

पहिलं उत्तर एका क्षेपणास्त्राच्या कॅमेऱ्यांवर काम करणाऱ्या इंजिनिअरचं. इस्रायलचे गव्रिएल इदान १९८१ मध्ये बॉस्टनला असताना पोटाच्या आजारांचे एक डॉक्टर त्यांच्या शेजारी होते. लहान आतड्यात पाहता येत नाही, ही त्या डॉक्टरांची तक्रार इदान यांच्या डोक्यात राहिली. टोकाला कॅमेरा बसवून क्षेपणास्त्र सोडता येतं, तर आतड्यात का नाही? त्यासाठी कॅमेऱ्याची चिप पुरेशी लहान आणि कमी बॅटरी खाणारी व्हायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. लंडनचे डॉ. पॉल स्वेन याच कल्पनेवर स्वतंत्रपणे काम करत होते. दोघे एकत्र आले. २००० मध्ये शोध 'नेचर'मध्ये छापून आला आणि २००१ मध्ये अमेरिकेत वापराला परवानगी मिळाली.

ही कॅप्सूल सुमारे २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर रुंद असते. व्हिटॅमिनची मोठी गोळी डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढी. वजन चार ग्रॅमच्या आत. आत कॅमेरा, बारीक दिवे, बॅटरी आणि फोटो बाहेर पाठवणारा ट्रान्समीटर. तपासणीच्या दिवशी काय होतं, हे नीट सांगते, कारण भीती बहुतेक वेळा न कळल्यामुळेच वाटते.

लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, कारण त्यांचा काळा थर आतड्याच्या अस्तरावर बसतो आणि चित्र खराब होतं. आदल्या दिवशी हलकं जेवण, रात्री पोट साफ करायची पावडर पाण्यातून. सकाळी उपाशीपोटी जायचं. कमरेला पट्टा बांधतात किंवा पोटावर चिकटपट्ट्या लावतात, आणि पर्ससारखा रेकॉर्डर खांद्याला अडकवतात. मग घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळायची. भूल नाही, सुई नाही, दुखणं नाही. दोनेक तासांनी पाणी, चारेक तासांनी हलकं खाणं चालतं. दिवसभर घरी बसा, पुस्तक वाचा, ओट्यापाशी उभं राहा, फक्त जड काम नको. आठ ते बारा तासांनी पट्टा परत द्यायचा. गोळी एक-दोन दिवसांत शौचावाटे निघून जाते. ती धुऊन परत आणायची नसते. काही आज्ज्या पैशांच्या हिशेबाने तसं विचारतात खऱ्या.

तोवर पन्नास हजारांहून अधिक फोटो जमलेले असतात. डॉक्टर ते सिनेमासारखे पळवत पाहतात. त्याला तास-तास लागतो, आणि आता संशयास्पद फोटो वेगळे काढायला कॉम्प्युटरची मदत होते. म्हणून रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला नाही तर चिडू नका.

आता माझं मत. कॅप्सूलचं कौतुक आपल्याकडे जरा जास्तच होतं. ती पाहते, इतकंच. वाटेत काही दिसलं तर थांबत नाही, मागे वळत नाही, रक्ताने झाकलेली जागा धुऊन पाहत नाही आणि तपासायला तुकडाही काढत नाही. शिवाय आतडं कुठे अरुंद झालं असेल तर ती तिथे अडकते. सगळे रुग्ण धरले तर शंभरात एक-दोघांच्या बाबतीत असं होतं, पण आधीच अरुंदपणा असलेल्यांत हे प्रमाण बरंच वाढतं. आपल्या देशात अरुंद आतड्याचे रुग्ण पुष्कळ आहेत, त्याचं कारण पुढे येईलच. त्यामुळे जेवणानंतर कळा येत असतील, पोट फुगत असेल, तर आधी आतड्याचा खास सीटी स्कॅन किंवा एमआरआय होऊ द्या. काही ठिकाणी आधी एक विरघळणारी चाचणी-गोळी देतात; ती सुखरूप बाहेर पडली तरच खरी कॅप्सूल. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही, हेही लक्षात ठेवा. पेसमेकर असेल, गिळायला त्रास होत असेल, आधी पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर हे सगळं गोळी गिळण्याआधी सांगायचं. खर्च पाच आकडी असतो आणि कॅप्सूल एकदाच वापरता येते, म्हणून ती योग्य माणसाला आणि योग्य वेळी द्यावी हे जास्त महत्त्वाचं.

नाडी ओवायची युक्ती

दुसरं उत्तर जपानचे डॉ. हिरोनोरी यामामोतो यांचं. ते समजून घ्यायला कुठलं विज्ञान लागत नाही. तुम्ही पायजम्यात किंवा परकरात नाडी ओवली असेल तर तुम्हाला ते आधीच माहीत आहे. सेफ्टी पिन नेफ्यात थोडी पुढे सरकवायची, मग पिन घट्ट धरून कापड मागे ओढायचं. चुण्या मागे जमत जातात आणि पिन पुढे निघते. हातभर पिन लागत नाही, बोटभर पुरते.

यामामोतोंनी २००१ मध्ये जगापुढे मांडलेल्या दुर्बिणीत हेच होतं. सुमारे दोन मीटरची बारीक दुर्बीण, तिच्यावर एक सैल नळी, आणि दोघींच्या टोकांना एकेक मऊ फुगा. दुर्बीण पुढे न्यायची, तिचा फुगा फुगवून आतड्याला आतून हळूच धरायचं. मग बाहेरची नळी तिच्यापर्यंत सरकवायची, तिचाही फुगा फुगवायचा आणि दोन्ही मिळून मागे ओढायचं. आतड्याच्या चुण्या नळीवर गोळा होतात. पुन्हा दुर्बिणीचा फुगा सोडून पुढे. दोन मीटरच्या नळीने कितीतरी लांब आतडं पाहता येतं ते असं. पुढे एकाच फुग्याची दुर्बीणही आली. तोंडावाटे गेलं की वरचा भाग दिसतो, गुदद्वारावाटे गेलं की खालचा. कुठून जायचं हे स्कॅन किंवा कॅप्सूल पाहून ठरवतात. कधी दोन दिवशी दोन्ही बाजूंनी जावं लागतं, आणि तरीही संपूर्ण आतडं दिसेलच असं नाही.

ही तपासणी गोळी गिळण्यासारखी सोपी नाही. भूल द्यावी लागते, तास-दीड तास लागतो, सोबत भूलतज्ज्ञ असतात. क्वचित आतड्याला छिद्र पडतं, रक्तस्राव होतो, तोंडावाटे गेल्यास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. नुसती तपासणी असेल तर गंभीर त्रास शंभरात एकाच्या आसपास, आत काही कापायचं किंवा रुंद करायचं असेल तर त्याहून जास्त. संमतीपत्रावर सही करताना हे समजून घ्या, घाईने "कुठे सही करू?" म्हणू नका.

पण हिचं बळ हे की ती हातही चालवते. रक्त झिरपणारी फुगलेली बारीक रक्तवाहिनी आर्गॉन वायूच्या साहाय्याने जागच्या जागी भाजून बंद करता येते. पॉलिपच्या देठाला तारेचा फास टाकून तो कापता येतो. अरुंद झालेली जागा लांबीला कमी असेल तर फुगा फुगवून रुंद करता येते. अडकून बसलेली कॅप्सूल परत आणता येते. आणि तपासायला तुकडा घेता येतो. या शेवटच्या कामाचं महत्त्व आपल्या भागात सगळ्यांत जास्त आहे.

केआरएस रोडवरची जुनी इमारत

मैसूरहून कृष्णराजसागरच्या दिशेने निघालात तर केआरएस रोडला पीकेटीबी सॅनेटोरियम लागतं. गावात सगळे नुसतं 'पीकेटीबी' म्हणतात. त्या अक्षरांमागे एक नाव आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. प्रिन्सेस कृष्णाजम्मण्णी या नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या बहीण. त्या आणि त्यांच्या मुली क्षयाने गेल्या. महाराजांनी बहिणीच्या स्मरणार्थ शंभरेक वर्षांपूर्वी हे क्षयरुग्णालय उभारलं. राजवाड्यातलं अन्न, राजवाड्यातले डॉक्टर, आणि तरी तो आजार आत शिरला. त्याआधी काही दशकं, १८८७ मध्ये, आनंदीबाई जोशी पुण्यात याच आजाराने गेल्या, स्वतः डॉक्टर होऊन आल्यावर. तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी, एवढाच उपचार.

क्षय म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पण हा जंतू आतड्यातही घर करतो, आणि त्याची आवडती जागा ठरलेली आहे: लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तो उजव्या कुशीतला सांधा. थुंकी गिळल्याने, न उकळलेल्या दुधातून किंवा रक्तावाटे तो तिथे पोहोचतो. आतड्याचा टीबी झालेल्या बऱ्याच लोकांना खोकला नसतो आणि छातीचा एक्स-रेही स्वच्छ असतो. त्यामुळे "टीबी कसा असेल, खोकला कुठे आहे?" हा प्रश्न इथे फसवतो. जखमा भरताना आतडं आवळलं जातं, म्हणून जेवणानंतर कळा आणि गुरगुर. मघाशी म्हटलं ते अरुंद आतडं आपल्याकडे इतक्यांना का, याचं एक मोठं कारण हे.

आता खरी अडचण. नेमक्या याच सांध्यावर, नेमक्या अशाच जखमा करणारा दुसरा एक आजार आहे: क्रोन्स. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये तो वेगळा आजार म्हणून मांडला. त्याआधी १९१३ मध्ये ग्लासगोच्या डॅल्झिएल नावाच्या सर्जनने असे रुग्ण लिहून ठेवले होते, आणि ते क्षयासारखे दिसतात पण क्षय नव्हे, असं म्हटलं होतं. म्हणजे हा गोंधळ शंभर वर्षांहून जुना आहे. क्रोन्समध्ये जंतूचा हल्ला नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उठते. वजन घटणं, ताप, जुलाब, कळा, रक्त कमी होणं, सगळं सारखंच. पूर्वी आपल्याकडे क्रोन्स दुर्मीळ मानला जाई, आता तो शहरांत आणि तरुणांत नियमित दिसतो.

दोन्हींची औषधं मात्र एकमेकांच्या उलट. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात, स्टेरॉइड किंवा महागडी इंजेक्शनं. ती टीबीच्या रुग्णाला दिली तर दबून असलेला जंतू मोकाट सुटतो आणि सर्वांगभर पसरू शकतो. उलट क्रोन्सच्या माणसाला टीबीची औषधं दिली, तर महिने वाया जातात, तेवढ्यात आतडं आणखी खराब होतं, आणि त्या औषधांचा यकृतावरचा त्रास फुकटचा. म्हणून 'बहुतेक टीबीच असेल' म्हणून औषध सुरू करणं, किंवा 'बहुतेक क्रोन्स' म्हणून, यांतलं कुठलंही एक घरच्या दबावाखाली घाईने होऊ नये. तुमच्या डॉक्टरांनी सुरुवात करण्याआधी तुकडा तपासायला थांबायचं म्हटलं, तर ते चालढकल करत नाहीत.

सुदैव एवढंच की ही जागा बहुधा साध्या कोलोनोस्कोपीच्या टप्प्यात येते. डॉक्टर पाहतात: जखमा आडव्या आहेत की आतड्याच्या लांबीने उभ्या, दोन्ही आतड्यांमधली झडप खुली पडली आहे का, मधेच निरोगी पट्टे सोडून आजार उड्या मारत गेला आहे का. आडव्या जखमा आणि सताड उघडी झडप टीबीकडे बोट दाखवतात, उभ्या जखमा आणि उड्या क्रोन्सकडे. पण हे नियम पाठ्यपुस्तकात जेवढे स्वच्छ असतात तेवढे पोटात नसतात. म्हणून अनेक ठिकाणचे तुकडे घेतात. आणि इथे एक बारीकशी गोष्ट आहे, ती विचारायला लाजू नका. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. फॉर्मॅलिन जंतूंना मारतं, म्हणून कल्चरसाठी, म्हणजे टीबीचे जंतू वाढवून पाहण्यासाठी, तो तुकडा निरुपयोगी. त्यासाठी वेगळा तुकडा सलाइनमध्ये पाठवावा लागतो. त्यातूनच जनुकीय चाचणीही होते, जिला आपल्या सरकारी दवाखान्यांत सीबीनॅट म्हणतात, आणि औषधाला दाद न देणारा टीबी आहे का तेही त्यात कळतं. "डॉक्टर, एक तुकडा टीबीच्या तपासणीला वेगळा पाठवला का?" एवढंच वाक्य.

तुकड्यात जंतू सापडले तर प्रश्न मिटला. पण आतड्याच्या टीबीत जंतू संख्येने थोडे असतात आणि बऱ्याचदा तपासणीत हाती लागतच नाहीत. मग आपल्या देशातले डॉक्टर एक मार्ग घेतात: टीबीची औषधं सुरू करायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहायचं. जखमा भरल्या असतील तर टीबी, कोर्स पूर्ण करायचा. तशाच असतील तर क्रोन्सचा विचार. इथे घरचे लोक एक चूक करतात. औषध सुरू झालं, भूक लागली, वजन दोन किलो वाढलं, की "आता पुन्हा दुर्बीण कशाला?" म्हणून ती टाळतात. टीबीच्या औषधांवर क्रोन्सच्या रुग्णालाही सुरुवातीला थोडं बरं वाटू शकतं. बरं वाटणं आणि जखम भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फक्त आत पाहूनच कळते.

टीबी ठरला तर मन खचू देऊ नका. आतड्याच्या टीबीचा कोर्स साधारणपणे सहा महिन्यांचा असतो, औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात, खासगी दवाखान्यात निदान झालं तरीसुद्धा. नाव निक्षयवर नोंदलं की पोषणासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात येतात. २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत ते पाचशे होते. लाज वाटून नाव नोंदवायचं टाळणारी घरं आहेत, त्यांच्यासाठी सांगते: फुप्फुसात टीबी नसेल तर आतड्याचा टीबी शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. भांडी वेगळी करू नका. मुलीचं लग्न जमायचं आहे म्हणून आजार लपवून औषध अर्धवट सोडण्याचे प्रकार तर आता थांबायलाच हवेत. अर्धवट सोडलेलं औषध जंतूला शहाणं करतं. जखमा भरल्यावरही एखादी जागा आवळलेली राहिली, तर तिथे फुगा घालून ती रुंद करता येते. फार लांब पट्टा असेल तर सर्जनकडे जावं लागतं.

आणखी काय सापडतं

तरुणांत टीबी आणि क्रोन्स, तर साठीनंतर फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून झिरपणारं रक्त जास्त. पण कॅप्सूलमध्ये दिसणारा एक गुन्हेगार आपण स्वतः घरात आणून ठेवलेला असतो: वेदनाशामक गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन जठराला लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सोबत अॅसिडिटीची गोळी घेतात आणि निर्धास्त होतात. ती गोळी जठर वाचवते, लहान आतडं नाही. तिथे या औषधांनी जखमा होतात, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास पातळ पडद्यांसारखे अरुंद वलयही तयार होतात. चिकुनगुनियानंतर सांधे दुखतात म्हणून महिनोन्‌महिने रोज एक गोळी खाणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांच्या कमी हिमोग्लोबिनची चौकशी औषधांच्या डब्यापासून सुरू करायला हवी.

कधी कॅमेऱ्यासमोर चक्क आकडेकृमी हलताना दिसतो, आतड्याला चिकटून रक्त पिणारा. एवढी महागडी तपासणी आणि उत्तर काही रुपयांची जंताची गोळी! शेतात अनवाणी जाणाऱ्यांच्या बाबतीत ती गोळी आधीच देऊन पाहणं शहाणपणाचं.

गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याचं अस्तर झिजवणारा सीलिअॅक आजार उत्तर भारतात जास्त आणि दक्षिणेत बराच कमी आढळतो. पण मैसूरला राहूनही आपल्या घरांत दोन वेळा पोळी असते, मूळही वेगळं असू शकतं, तेव्हा इथल्या डॉक्टरांच्या मनात तो आला नाही तर आपण विचारावा. त्याची रक्ततपासणी असते, आणि तुकडा नेहमीच्या वरच्या दुर्बिणीनेच मिळतो. फक्त निदानाआधी गहू बंद करू नका. बंद केला की तपासणी फसते.

फुग्याची दुर्बीण प्रत्येक गावात, प्रत्येक रुग्णालयात नसते. वरची आणि खालची दुर्बीण, सीटी स्कॅन, तुकड्याची तपासणी हे मैसूरमध्येच होतं, आणि बहुतेकांचं निदान त्यातच लागतं. पुढे पाठवलं तर आधीच्या तपासण्यांची सीडी, तुकड्यांच्या काचपट्ट्या आणि पॅराफिनचे ठोकळे मागून घ्या. ते रुग्णालयात जपलेले असतात आणि दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा पाहायला देता येतात. नुसत्या रिपोर्टच्या कागदापेक्षा त्यांचा उपयोग जास्त. आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या औषधांची यादीही हवी, त्यात आयुर्वेदिक पुड्या आणि दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यासुद्धा.

आणि भाषेचं एक. ओपीडीत डॉक्टर कन्नडमध्ये भराभर विचारतात, आणि आपली आजी "शौचाला कशी होते" हे मराठीतसुद्धा चारचौघांत सांगत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती घट्ट आणि हिरवट-काळी असते. रक्ताची काळी शौच डांबरासारखी चकचकीत, चिकट आणि उग्र वासाची. हा फरक शब्दांत पकडणं तिला जमणार नाही. तेव्हा हातातला फोन कामाला लावा, सकाळी एक फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना त्याची किळस येत नाही, आणि कुठल्या टोकाकडून शोधायला सुरुवात करायची हे त्यांना त्या एका फोटोवरून ठरवता येतं.